मत पक्षाला देतो की चेहऱ्याला? हे असं कधीपासून झालं?

कोरी_पाटी

बरेच दिवस हे डोक्यात घोळतंय म्हणून टाकतेय, थोडं लांबेल, सांभाळून घ्या. मागच्या निवडणुकीच्या वेळी मी ठरवून चार पक्षांचे जाहीरनामे वाचून काढले, अगदी पेन्सिलने खुणा करत, कारण पहिल्यांदाच वाटलं होतं की या वेळी नीट समजून मत द्यायचं. आणि मग घरात, ऑफिसात, मैत्रिणींमध्ये ज्याच्याशी बोलायला गेले त्याने दुसऱ्या वाक्याला विचारलं, ते सगळं ठीक आहे गं, पण चेहरा कोण? अमुक पक्षाकडे चेहराच नाही म्हणजे विषय संपला. त्यांचं काही चुकत होतं असं मी म्हणत नाही. मला धक्का बसला तो वेगळ्याच गोष्टीचा, मत द्यायला उभी राहिले तेव्हा माझ्याही डोळ्यासमोर तोच एक चेहरा आला, आणि माझ्या मतदारसंघात प्रत्यक्ष उभा असलेला माणूस कोण, त्याने मागची पाच वर्षं काय केलं, हे मला बाहेर आल्यावर आठवलं.

तर प्रश्न असा की हे जगभर असंच आहे का? संसदीय पद्धतीत आपण प्रतिनिधी निवडतो आणि ते मिळून नेता निवडतात असं शाळेत शिकलो, मग निवडणूक दोन माणसांमधली कुस्ती कधी झाली? आणि हे वाईटच आहे का? कारण एका माणसाकडे बोट दाखवून जाब विचारता येतो हा फायदाही मला दिसतो. प्लीज कुठल्या एका नेत्यावरून भांडण सुरू करू नका, मला खरंच समजून घ्यायचंय.

जुना_वाचक

ताई, जगभर आहे, काही देशांत आपल्या कितीतरी आधीपासून आहे. लोक पहिलं बोट टीव्हीकडे दाखवतात, २६ सप्टेंबर १९६० ला अमेरिकेच्या अध्यक्षपदाचे उमेदवार केनेडी आणि निक्सन पहिल्यांदा टीव्हीवर समोरासमोर आले, ताजातवाना केनेडी आणि घामेजलेला निक्सन, ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. त्यात तथ्य आहेच, कॅमेऱ्याला धोरण दाखवता येत नाही, माणूस दाखवता येतो. मोबाइलने तेच आणखी पुढे नेलं, नेता थेट तुमच्या हातात येऊन बोलतो, मध्ये ना कार्यकर्ता ना वार्ताहर.

पण मला विचाराल तर टीव्ही हे वरवरचं कारण आहे. पूर्वी पक्ष माणसाच्या रोजच्या जगण्यात असायचा, कामगार असाल तर युनियन, युनियन म्हणजे अमुक पक्ष, त्याचंच वर्तमानपत्र, त्याचाच क्लब, लग्नसुद्धा त्याच वर्तुळात. नेता बदलला तरी मत बदलायचं नाही कारण मत नेत्याला नव्हतंच. ती वीण सैल झाली. ब्रिटनच्या हुजूर पक्षाचे १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला २५ लाखांवर सदस्य होते, २०२२ मध्ये नेता निवडताना मतदानाला पात्र सदस्य होते १ लाख ७२ हजारांच्या आसपास. एवढा पक्ष आटला की मग मतदाराने धरायचं काय? समोर जे दिसतं ते, म्हणजे माणूस.

अजून एक कारण सहसा कुणी बोलत नाही. मोठे निर्णय आता शिखर परिषदांत होतात. युरोपात १९७०च्या दशकाच्या मध्यापासून देशांचे प्रमुख नियमित एकत्र बसून ठरवतात, त्या खोलीत नेता एकटा जातो, मंत्रिमंडळ नाही जात, आणि परत येऊन सांगतो की हे असं ठरलं. सत्ता एका माणसाकडे सरकायला त्याची हाव असावीच लागते असं नाही, कामाची पद्धत बदलली तरी सरकते.

आणि तुमच्या जाहीरनाम्यांवरून आठवलं. अमेरिकेत १९६८ मध्ये हम्फ्री एकाही प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायच्या मतदानात, न उतरता डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार झाले, पक्षातल्या जुन्या जाणत्यांनी ठरवलं म्हणून. त्यावर इतका संताप झाला की नियम बदलले आणि १९७२ पासून उमेदवार प्रायमरीतल्या मतांवर ठरायला लागला. लोकशाही वाढावी म्हणूनच केलेला बदल होता हा, पण त्यानंतर उमेदवाराला पक्षाच्या मंडळींची गरजच कमी झाली, आपला पैसा, आपली टीम, आपलं नाव. त्या वाटेवरून चालत चालत २०२० मध्ये रिपब्लिकन पक्षाने नवा जाहीरनामाच काढला नाही, अध्यक्षांच्या कार्यक्रमाला आमचा पाठिंबा असा ठराव केला आणि निवडणुकीला गेले. त्या वर्षी तुमच्यासारखं कुणी पेन्सिल घेऊन बसलं असतं तर खूण करायला नवीन काही नव्हतंच.

रात्रपाळी

हे सगळं नवीन आहे हे मला मान्य नाही. ब्रिटनच्या ग्लॅडस्टनने १८७९-८० मध्ये स्कॉटलंडमधल्या मिडलोथियनमध्ये गावोगाव फिरून हजारो लोकांसमोर भाषणं केली ती पक्षाच्या जीवावर की स्वतःच्या? फ्रान्समध्ये द गॉलने १९६२ ला सार्वमत घेऊन अध्यक्ष थेट जनतेने निवडायची तरतूद करून घेतली. आपल्याकडे १९६९ ला काँग्रेस फुटली आणि १९७१ ची निवडणूक कुणाच्या नावावर लढली गेली हे सांगायला नको. लोकांना माणूस लागतो आणि त्यात कमीपणा काही नाही. जाहीरनामा म्हणजे कागद. महामारी, युद्ध, बँका बुडणं यातलं जाहीरनाम्यात आधी काहीच लिहिलेलं नसतं, तेव्हा कोण कसा वागेल हे माणूस बघूनच ठरवावं लागतं ना? माझ्या मते तर मतदार शहाणपणानेच वागतोय.

शेवटचा_बाक

रात्रपाळी, तुमचा शेवटचा मुद्दा मला पटतो, माणूस बघितलाच पाहिजे. पण "पहिल्यापासून असंच होतं" यावर ब्रिटनची १९४५ ची निवडणूक बघा. चर्चिलने युद्ध जिंकून दिलेलं, वैयक्तिक लोकप्रियता शिखरावर, त्याच्या गाडीभोवती गर्दी व्हायची. समोर अ‍ॅटली, शांत, भाषणात काही दम नाही. आणि निकाल काय तर त्याच्या मजूर पक्षाला ३९३ जागा. लोकांनी चर्चिलवर प्रेम केलं आणि मत घरं, आरोग्य, नोकऱ्या यांना दिलं. कृतज्ञता वेगळी आणि मत वेगळं हे त्या मतदाराला कळत होतं, मला हे फार मोठं वाटतं.

आता याच्या उलट न्यूझीलंड. २०१४ ला लेबर पक्षाला २५ टक्के मतं. २०१७ च्या निवडणुकीला जेमतेम सात आठवडे राहिले असताना जेसिंडा आर्डर्न नेत्या झाल्या, पक्ष तोच, उमेदवारही बहुतेक तेच, आणि मतं जवळपास ३७ टक्के. २०२० ला ५० टक्के. जानेवारी २०२३ मध्ये त्यांनी राजीनामा जाहीर केला आणि त्याच वर्षीच्या निवडणुकीत पक्ष परत २७ टक्क्यांच्या आत. यात महागाई, कोव्हिडनंतरचा राग हे सगळं आहेच, सगळं एका माणसामुळे झालं असं मी म्हणणार नाही, पण जी मतं नेत्यासोबत आली ती नेत्यासोबत गेली, पक्षाच्या हातात राहिलं ते जिथून सुरुवात केली तेवढंच.

आणि एक प्रयोग तर अगदी मुद्दाम करून बघितलेला आहे. इस्रायलने कायदा करून पंतप्रधान थेट जनतेने निवडायचा ठरवलं, १९९६ ला पहिल्यांदा तसं मतदान झालं, एक मत पंतप्रधानाला आणि दुसरं पक्षाला. कल्पना अशी की नेता मजबूत होईल, छोट्या पक्षांची ओढाताण बंद होईल. झालं उलटंच. लोक म्हणाले पंतप्रधान तर निवडला, आता दुसरं मत आपापल्या छोट्या पक्षाला देऊ. १२० च्या सभागृहात दोन मोठ्या पक्षांच्या मिळून १९९२ ला ७६ जागा होत्या, १९९९ ला ४५ राहिल्या. थेट निवडून आलेला पंतप्रधान आणि त्याच्या मागे सभागृहात हक्काची माणसंच नाहीत. २००१ मध्ये कायदा बदलून परत जुन्या पद्धतीवर आले.

पायी_प्रचार

मी अभ्यासक वगैरे नाही. एका पक्षाचं काम एकोणीस वर्षं केलंय, नाव सांगत नाही, त्याने काही फरकही पडत नाही. सतरंज्या उचलण्यापासून सगळं केलं. मी आलो तेव्हा दर महिन्याला बैठक असायची, तिथे भांडणं व्हायची, म्हणजे खरी भांडणं, पाण्याच्या प्रश्नावर पक्षाची भूमिका चुकतेय असं एक मास्तर उभं राहून नेत्याच्या तोंडावर बोलले होते आणि नेत्याने वहीत लिहून घेतलं होतं, मी स्वतः बघितलंय. नंतर हळूहळू काय झालं ते नेमकं सांगता येत नाही कारण कुणी एका दिवशी काही बंद केलं नाही. बैठका कमी झाल्या, मग बैठकीत आधी वरून आलेला व्हिडिओ लावायचा असं सुरू झालं, मग चर्चा म्हणजे पुढच्या कार्यक्रमाला माणसं किती आणि बॅनरवर फोटो कुणाचा केवढा. स्थानिक अध्यक्ष आम्ही मतदान करून निवडायचो, ते गेलं आणि वरून पत्र यायला लागलं. ते मास्तर घरी बसले. त्यांच्या जागी जे आले ते होयबा आहेत असं मी रागाने म्हणतोय असं वाटेल, पण त्यांची तरी काय चूक, ज्याने मान हलवली त्याला तिकीट मिळालं हे सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

आम्ही जिंकलो हो. आधी कधी जिंकलो नव्हतो एवढं जिंकलो, नेत्याच्या नावावर जिंकलो, हे मी नाकारत नाही आणि त्या रात्री मीही नाचलो. पण आता मला भीती वाटते ती वेगळीच आहे. दुसरी फळी नाही. उद्या नेता थकला, आजारी पडला तर कोण, असं विचारलं की लोक इकडेतिकडे बघतात. आणि हा प्रश्न विचारणं म्हणजेच गद्दारी असं वातावरण आहे, ते सगळ्यात वाईट. कोरी_पाटी यांनी जाहीरनामे वाचले म्हणून लिहावंसं वाटलं, आमच्याकडे ते लिहिणारेसुद्धा आता वाचत नाहीत.

कलम_पोटकलम

पायी_प्रचार, तुमची पोस्ट दोनदा वाचली. मला वाटतं या सगळ्या चर्चेचा गाभा तुमच्या त्या मास्तरांमध्ये आहे. नेता किती लोकप्रिय यावर आपण फार बोलतो, पण मी कुठल्याही देशाकडे बघताना आधी हे बघतो की या नेत्याला उद्या सकाळी "आता बास" असं कोण म्हणू शकतं, आणि म्हटल्यावर त्या म्हणणाऱ्याचं काय होतं.

ब्रिटनचंच बघा. थॅचर यांनी १९७९, १९८३, १९८७ अशा तीन निवडणुका ओळीने जिंकल्या, लोखंडी बाई म्हणून जगभर नाव, आणि नोव्हेंबर १९९० मध्ये त्यांच्याच खासदारांनी त्यांना घरी पाठवलं. का शक्य झालं? कारण नेता निवडायचा आणि काढायचा हक्क खासदारांकडे होता. पुढे दोन्ही मोठ्या पक्षांनी नेता निवडीत सामान्य सदस्यांना मत दिलं. ऐकायला किती छान. मग २०१६ मध्ये मजूर पक्षाच्या खासदारांनी कॉर्बिन यांच्यावर अविश्वास दाखवला, १७२ विरुद्ध ४०, आणि कॉर्बिन जागचे हलले नाहीत, सदस्यांकडे गेले आणि परत निवडून आले. २०२२ ला हुजूर पक्षात खासदारांच्या शेवटच्या फेरीत सुनक १३७ आणि ट्रस ११३, सदस्यांनी निवडल्या ट्रस, आणि सात आठवड्यांत त्यांना जावं लागलं. रोज शेजारी बसून काम केलेल्या माणसाला नेत्याबद्दल जे कळतं ते लांबून टाळ्या वाजवणाऱ्याला कळत नाही, हे कडू आहे पण खरं आहे.

याची दुसरी बाजूही सांगतो नाहीतर एकतर्फी होईल. ऑस्ट्रेलियात खासदारांच्या हातात एवढी ताकद होती की २०१० मध्ये रड, २०१३ मध्ये गिलार्ड, २०१५ मध्ये अ‍ॅबट, २०१८ मध्ये टर्नबुल, चार पंतप्रधान आपल्याच पक्षाने खाली उतरवले. लोक वैतागले, आम्ही मत दिलं एकाला आणि झोपेतून उठतो तर दुसराच. लेबरने २०१३ मध्ये नियम केला की पंतप्रधानपदावरचा नेता हटवायचा तर पक्षाच्या ७५ टक्के खासदारांनी मागणी करायला हवी. म्हणजे फार सैलही नको आणि खिळे ठोकून बंदही नको. जर्मनीचं मला आवडतं, चॅन्सेलरला काढायचं तर त्याच मतदानात पुढचा चॅन्सेलर निवडावा लागतो, आजवर एकदाच ते यशस्वी झालंय, १९८२ ला श्मिट जाऊन कोल आले.

आपल्याकडे १९८५ पासून पक्षांतरबंदी आहे. हेतू चांगला, आयाराम गयाराम थांबवायचे. पण व्हीप, म्हणजे मत कसं द्यायचं याचा पक्षाचा आदेश, मोडून मत दिलं की सदस्यत्वच जाऊ शकतं, मग तुमचा प्रतिनिधी सभागृहात नेत्याविरुद्ध हात वर करणार कसा? व्हीप ब्रिटनमध्येही आहे, पण तो मोडला तर फार तर पक्ष दूर करतो, खासदारकी राहते. तेवढ्या फरकाने जुलै २०२२ मध्ये जॉन्सन यांच्या सरकारातल्या पन्नासहून जास्त लोकांना दोन-तीन दिवसांत राजीनामे द्यायची हिंमत झाली. कोरी_पाटी, तुम्हाला तुमचा उमेदवार आठवला नाही याचं तुम्ही मनाला लावून घेऊ नका. ज्याला स्वतःचं मतच देता येत नाही तो लक्षात तरी का राहावा.

रात्रपाळी

कलम_पोटकलम, मुद्दा तुम्ही चांगला मांडलात पण मग तुमचं म्हणणं असं होतं की सामान्य सदस्याने नेता निवडू नये, मूठभरांनी निवडावा. हे मला झेपत नाही. हेच मूठभर लोक वर्षानुवर्षं आपापसात वाटून घेतात म्हणूनच लोक बाहेरच्या माणसाकडे धावतात ना? इटलीत १९९२ पासून लाचखोरी बाहेर यायला लागली, जुने पक्ष कोसळले, आणि १९९४ मध्ये बर्लुस्कोनी काही महिन्यांच्या पक्षाला घेऊन जिंकले. फ्रान्समध्ये मॅक्रॉननी एप्रिल २०१६ ला 'आँ मार्श' ही चळवळ काढली, तिची आद्याक्षरंसुद्धा स्वतःच्या नावाची, आणि मे २०१७ ला अध्यक्ष. पक्ष सडले म्हणून नेते मोठे झाले, नेते मोठे झाले म्हणून पक्ष सडले असं नाही.

कलम_पोटकलम

अर्धं मान्य. सुरुवात बहुतेक वेळा तिथूनच होते, लोकांचा राग खराच असतो. पण नंतर काय होतं ते बघा. फ्रान्समध्ये २०२२ ला समाजवादी पक्षाच्या उमेदवाराला २ टक्केसुद्धा मतं नाहीत, रिपब्लिकन पक्षाला ५ च्या आत, आणि ज्या दोन पक्षांनी अनेक दशकं देश चालवला त्यांच्या जागी उभं राहिलेलं जे आहे ते एका माणसाभोवती आहे, त्याला तिसऱ्यांदा लागोपाठ उभं राहता येत नाही. पेरू त्याहून वाईट. १९९० ला फुजिमोरी असेच बाहेरून आले, पक्षांना कंटाळलेल्या लोकांनी निवडले, एप्रिल १९९२ मध्ये त्यांनी संसदच बरखास्त केली आणि तेव्हा बऱ्याच लोकांनी टाळ्या वाजवल्या. ते गेले तरी पक्ष काही परत उभे राहिले नाहीत. जुलै २०१६ ते डिसेंबर २०२२ या साडेसहा वर्षांत तिथे सहा अध्यक्ष झाले. प्रत्येक निवडणुकीत नवा चेहरा, नवं चिन्ह, आणि निवडून आल्यावर त्याच्या मागे कुणी नाही.

सदस्यांनी निवडू नये असं नाही म्हणत, निवडावं. पण जे रोज बघतात त्यांना थांबवायचा हक्क राहावा.

जुना_वाचक

यात एक भर. २५ नोव्हेंबर १९४९ चं डॉ. आंबेडकरांचं संविधान सभेतलं भाषण सगळ्यांना राजकारणातली भक्ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते या वाक्यासाठी माहीत आहे. पण त्याच्या जरा आधीचं वाचा. ते आधी जॉन स्टुअर्ट मिल या विचारवंताचा इशारा सांगतात की कितीही थोर माणूस असला तरी आपलं स्वातंत्र्य त्याच्या पायाशी वाहू नका, संस्था मोडता येतील एवढी सत्ता त्याच्या हाती देऊ नका. आणि मग लगेच म्हणतात की ज्यांनी देशाची आयुष्यभर सेवा केली त्यांच्याबद्दल कृतज्ञ असण्यात काही चूक नाही, पण कृतज्ञतेला मर्यादा असते, कुठलंही राष्ट्र आपल्या स्वातंत्र्याची किंमत देऊन कृतज्ञ राहू शकत नाही. शेवटचा_बाक यांनी १९४५ चं जे लिहिलंय ते वाचताना मला हेच आठवलं. नेत्यावर प्रेम करू नका असं ते म्हणतच नाहीत.

आणि नेत्याशिवायही देश चालतो का, असं कुणी विचारण्याआधी सांगतो, स्वित्झर्लंडमध्ये सात जणांचं मंडळ सरकार चालवतं, अध्यक्षपद दर वर्षी त्यांच्यातच फिरतं. सगळीकडे तसं जमेल असं नाही, त्यांचा इतिहास वेगळा आहे. पण चेहरा असल्याशिवाय होतच नाही हे खरं नाही एवढं कळायला पुरेसं आहे.

कोरी_पाटी

एवढं सगळं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं, मनापासून आभार. मला वाटत होतं दोष माझ्यासारख्या मतदाराचा, की आम्ही चेहऱ्याला भुलतो. तो आहेच थोडा. पण कलम_पोटकलम यांचं ते वाक्य, ज्याला स्वतःचं मत देता येत नाही तो लक्षात का राहावा, त्यावर रात्री खूप वेळ विचार केला. काल मी माझ्या प्रतिनिधीने सभागृहात विचारलेले प्रश्न शोधून वाचायला घेतले, अर्धे झालेत. दोन प्रश्न खरंच चांगले आहेत आणि त्याबद्दल मी कुठेच ऐकलं नव्हतं, त्याच्या स्वतःच्या प्रचारातसुद्धा नव्हतं, तिथे मोठा फोटो नेत्याचाच होता. त्याला पत्र लिहिणार आहे त्या दोन प्रश्नांवर.

पायी_प्रचार दादा, एक विचारू का? ते मास्तर आता काय करतात? आणि तुम्ही अजून पक्षात आहात का?

पायी_प्रचार

आहे. सोडावंसं वाटतं कधी कधी पण मग बाहेरून काय करणार. मास्तरांना मागच्या आठवड्यात भेटून आलो, तब्येत बरी आहे. आम्ही सहा जणांनी लेखी दिलंय की स्थानिक अध्यक्ष परत मतदानाने निवडा. अर्जाच्या मसुद्यात मास्तरांनी तीन चुका काढल्या, त्या दुरुस्त करून पाठवला. उत्तर अजून नाही. पुढच्या बैठकीत व्हिडिओ लावायच्या आधी उभं राहून विचारणार आहे, काय होतंय ते इथे लिहीन.